पाठीवरची थाप

बाबांच्या जुन्या बुलेटच्या ठिणगीचं टायमिंग लावून हात धुतले, तरी पेट्रोलचा वास बोटांवरून जाईना. त्या वासानं लहानपणीचा दिग्रसजवळचा चढ आठवला. मी टाकीवर, आई मागे. पेट्रोल हलक्या प्रतीचं होतं. इंजिन खडखडलं, तशी आईनं बाबांच्या पाठीवर थाप मारली. मला तो लाडच वाटला! बाबांनी उतरून खडखड थांबावी म्हणून टायमिंग जरा मागं घेतलं.

“आता जमलं काय वं?” पुन्हा चढताना ते ओरडले. आईचा हात त्यांच्या पाठीवर शांत टेकला होता. कापसाच्या जिनिंगमधल्या मशिनींनी बाबांचे कान कधीच नेले होते. इंजिन आईच ऐकायची.

आज तिला मागे बसवून मी त्याच चढावर गेले. माझ्या पाठीवर थाप पडली.

“खडखडून राह्यली. थांब.”

माझे कान चांगले शाबूत आहेत. तरी मी थांबले.