प्रत्येक पत्रात होतं ते

"बाबा, आजी एवढंच लिहायची?" संगणकाच्या पडद्याकडे बघत मुलीनं विचारलं.

पडद्यावर शब्दांचे तीन पुंजके होते. एकात गुडघा, तेल, शेक. दुसऱ्यात लिंबू, मीठ, बरणी. तिसऱ्यात शेजारीण, मांजर, दूध. मजकुरातले विषय शोधणारी मॉडेलं बनवणं हे माझं काम. प्रत्येक मजकूर मोजक्याच विषयांतून उमटला असं ती धरून चालतात आणि प्रत्येक विषयाला मोजकेच शब्द देतात. बाकीच्या शब्दांच्या वाट्याला शून्य. आई गेल्यावर तिची सगळी पत्रं मी अशाच एका मॉडेलात घातली.

"आणि 'कधी येशील' कुठंय? प्रत्येक पत्रात आहे ते. टाइप करून बोटं दुखली माझी."

"म्हणूनच नाही," मी म्हणालो. "जे सगळीकडेच असतं, त्यानं एक पत्र दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येत नाही. ते आम्ही आधीच गाळतो."

बोलून गेलो, आणि मग मलाच ते ऐकू आलं.

खरं सांगायचं तर, ते शब्द मी फार आधीपासून गाळत आलो होतो. पत्र उघडायचं, नवीन काही आहे का बघायचं आणि शेवटची ओळ न वाचताच घडी घालायची. ती ठरलेलीच असायची ना! रोजची माया बहुतेक अशीच निसटते, तिच्यात बातमी नसते म्हणून.

गाळलेले शब्द परत घालणं सोपं असतं. मी घातले. तिन्ही पुंजक्यांत ते सगळ्यात वर आले. गुडघ्याच्या वर, लिंबाच्या वर, मांजरीच्याही वर. तिथं ते आहेत, आणि मी नुसता बघत बसलोय.