नव्या कॉइलवर न जळलेला घास

भूत-प्रेत, करणी-बिरणी... माझ्या डोक्यात हे कधी शिरलंच नाही. बी.एस्सी. झालेली बाई आहे मी. तरी लिहितेय, कारण ही गोष्ट मनातून जात नाही.

आम्ही गोंदियाला लागून मुर्रीत राहतो — मी, हे आणि सासूबाई. मी यांची दुसरी बायको. पहिली तापाने गेली. पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने निखाऱ्यावर तुपाचा घास द्यायची घरची पद्धत. चूल गेली, गॅस आला, निखारे कुठून आणणार? म्हणून आता तो घास इलेक्ट्रिक शेगडीच्या लाल कॉइलवर देतो. हसू नका, आमच्याकडे चालतं.

या शेगडीच्या दोन्ही कॉइल केव्हाच झिजल्या होत्या. तुटली की हे टोकं पिळून जोडायचे, चार दिवसांत पुन्हा ठिणग्या. "नवीन आणा ना," मी उन्हाळ्यापासून मागे लागलेली. "चालून राहिली ना?" हे एकच उत्तर. आणि नवमीच्या आदल्या दिवशी स्वतःहून दोन नव्या कॉइल घेऊन आले! अंगणात बसून स्प्रिंग हलक्या हाताने ताणली, मातीच्या प्लेटच्या खाचेत बसवली... बायकोच्या वेणीत गजरा माळावा तसं. माझा नुसता जळफळाट झाला. मला जोडाची, तिला कोरी!

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही कॉइल लालभडक झाल्या. यांनी लाकडी पळीने वड्याचा तुकडा आणि वर थिजलेलं तूप ठेवलं. आणि... काहीच नाही. धूर नाही, चर्र नाही. तूप तसंच्या तसं. शेजारच्या कॉइलवर भाताचं आधण उकळत होतं. मी घासाच्या वर हात धरला तर कॉइलच्या धगीने चटका बसला!

यांचे डोळे भरून आले. "काऊन वं? काय चुकलं आमचं? घे ना..."

इतक्या मऊ आवाजात हे माझ्याशी कधी बोलले नाहीत. माझा तोल गेला. "तिच्यासाठी रडून राहिले तुमी, अन् मी सकाळपासून रांधून राहिली ते?"

सासूबाई मला रागावल्या नाहीत. घासाकडे बघत यांना म्हणाल्या, "बटन बंद कर. थो घास दे तुह्या बायकोले."

"कायले?"

"मेलेलीनं जितीसाठी सोडला. समजत नाई का तुले?"

यांनी प्लग काढला, घास उचलून माझ्या तळहातावर ठेवला. गार होता. मी खाल्ला.

त्याच संध्याकाळी त्याच कॉइलवर दूध उतू गेलं आणि क्षणात करपलं. इलेक्ट्रिशियनला दाखवलं, त्यालाही काही दोष दिसला नाही. तुमच्यापैकी कोणाला कारण सुचलं तर सांगा. मला तरी सापडलेलं नाही.

आणि खरं सांगू? मी अजूनही जळते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा यांनी मला घास भरवला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हातावर ठेवला... तोही तिने सोडला म्हणून.