तिचं नाव मागे घ्या

"बाटग्यांची पोर मला धर्म शिकवते."

डॉक्टर हे मोठ्याने बोलले. व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक बसलेले. आयाबाई फरशी पुसत होती, ती थांबली. मी हातातला हत्यारांचा ट्रे खाली ठेवला होता, एवढंच.

ऐंशीच्या दशकाची अखेर. जळगावातलं एक खाजगी प्रसूतिगृह. पोटात मुलगी निघाली की तिथेच गर्भ पाडून बाईला मोकळं करायचे. त्या दिवशी टेबलावर असोद्याची बाई होती. घरी दोन मुली, पोटात तिसरी. सासू बाहेर बाकावर. मी नर्स. डॉक्टरांना म्हटलं, माझ्या विश्वासात हे बसत नाही, दुसरी कोणी बोलवा. त्यावर ते वाक्य. मग माझ्या बापाची जात निघाली. धुळ्याला मिशनच्या बंगल्यावर बागकाम करायचा तो.

मी निघाले तर त्या बाईने माझा पदर धरला.

"अक्का, तू जाऊ नको वं."

थांबले. हत्यारं दिली नाहीत, ती दुसऱ्या नर्सने दिली. नुसता तिचा हात धरून बसले. पाप-पुण्याचा शब्द काढला नाही. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी मला कामावरून काढलं.

तशीच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. प्रार्थना करायला त्यांनीच शिकवलं होतं. बापाला माती त्यांनीच दिली. सगळं सांगितलं, रडले. त्या बाईसाठी प्रार्थना करा म्हटलं, म्हणून तिचं नाव-गावही सांगितलं.

रविवारी भर उपासनेत त्यांनी मला उभं केलं. ही आपली विश्वासू लेक, म्हणाले. मग त्या बाईचं नाव घेतलं. गाव घेतलं. तिला खुनी म्हणाले. मंडळीने टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरने जात काढली तेव्हा राग आला होता. डॉक्टर परका होता. हे माझे होते.

बसले नाही मी. म्हटलं, "साहेब, ती माझी पेशंट होती. तिचं नाव मागे घ्या."

"पापाची बाजू घेतेस?"

"तिची घेते."

नाव त्यांनी मागे घेतलं नाही.

बोलणं असोद्याला पोचायला वेळ लागला नाही. जी सासू तिला घेऊन आली होती, तिनेच घराची अब्रू गेली म्हणून तिला दोन्ही मुलींसकट माहेरी पाठवलं. बोदवडला. आयाबाईकडून कळलं. मी गेले. तिने दार उघडलं नाही. बरोबर केलं तिने.

पुढे यावलला एका दवाखान्यात लागले. तिथेही तसला ट्रे पुढे आला. तिथेही नाही म्हटलं.

प्रभूला मी सोडलेलं नाही. रविवारी उपासनेलाही जाते. पण डॉक्टरने हुकूम दिला म्हणून ट्रे उचलणार नाही, आणि पाळकाने विचारलं तरी कुठल्याही बाईचं नाव तोंडातून काढणार नाही. नोकरी जावो, नाहीतर मंडळीतली जागा जावो.