येणाऱ्यांचं दार

चाचांनी आयुष्यात कुठल्याच जनावराला समोरून ओढलं नाही. बेल्ह्याच्या बाजारात गाड्या भरायची घाई ज्यानं बघितली असेल, त्याला यातलं नवल कळेल. एक जण पुढून कासरा ओढतोय, दोघं मागून शेपूट पिरगाळतायत, बैल चारी पाय रोवून उभा आणि भोवती दहा जण फुकटचे सल्ले देतायत, हे तिथलं नेहमीचं दृश्य. चाचांचा पिकअप मात्र बाजूला, एखाद्या उंचवट्याला टेकवून लावलेला असे, म्हणजे जनावराला चढ लागू नये. मागचा फाळका खाली टाकलेला, आत मूठभर कडबा पसरलेला. तो कडबाही त्या जनावराच्या स्वतःच्या गव्हाणीतला. घरून निघतानाच ते मालकाकडून मागून घेत. मग ते जनावराच्या खांद्यापाशी उभे राहत आणि काहीही करत नसत.

"तिच्या तोंडाकडं बघायचं न्हाई," ते म्हणत. "ती जिकडं बघती तिकडं आपण बघायचं. मग तिला कळतं, ह्यो आपल्या बाजूचा हाय."

पाच मिनिटं जात, कधी पंधरा. गाय आत बघे, हुंगे, मागे सरे, पुन्हा हुंगे. आणि मग आपल्याच मनानं चढल्यासारखी चढून जाई. इतर गाडीवाले हसायचे. पण पहिल्यांदा गाडीत बसणारं जनावर असलं की लोक टेंपोचाचांनाच बोलावत. पिकअप घेऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, तरी पंचक्रोशीत त्यांचं नाव टेंपोचाचाच राहिलं.

ते जुन्नरचे. बाजाराला जाताना पिंपळवंडीत आमच्या अंगणात थांबत, कारण माझ्या वडिलांशी, दादांशी, त्यांची जुनी दोस्ती होती. चहा कितीही उकळत असो, आधी ते गाडी फिरवून तिचं तोंड रस्त्याकडे करत. मगच खाली उतरत. आई म्हणायची, "भाऊ, चहा थंड व्हतोय, गाडी कुठं पळून जातीय का?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "वहिनी, माघारी फिरायची तयारी आदी. मग माणूस निवांत बसतंय." मला लहानपणी हा निव्वळ वेडेपणा वाटायचा.

मी सातवीत असताना दादांनी आमची हरणी गाय विकली. त्यांची कंबर धरली होती, आईला एकटीला गोठा झेपत नव्हता. मी दोन दिवस जेवले नाही, पण माझ्या उपासाला विचारतो कोण? चाचा तिला अळकुटीकडच्या एका शेतकऱ्याकडे पोचवून आले. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर पिकअप अंगणात आणि पिकअपमध्ये हरणी! दादा भडकले. झालेला सौदा मोडतात का, लोक काय म्हणतील, वगैरे. चाचा शांतपणे फाळका उघडत म्हणाले, "चारा तोंडात घेईना, बसंना. मी तिला सांगितलं व्हतं, न्हाई रमली तर माघारी आणीन म्हणून."

"गाईला सांगितलं होतं?" दादा म्हणाले.

"मग कुणाला सांगणार? गाडीत ती चढली. तू थोडाच चढलास?"

दादांना हसू फुटलं. हरणी आमच्याच गोठ्यात म्हातारी होऊन गेली, आणि चाचांनी दिलेला शब्द गाईलासुद्धा लागू असतो, हे मला कायमचं पटलं.

पुढे मी नर्सिंग केलं. शेवटच्या वर्षाला असताना दादा गेले. मंचरच्या एका दवाखान्यात चार वर्षं नोकरी केली. इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले आणि आयर्लंडमधल्या हॉस्पिटलात काम मिळालं. रुजू व्हायची तारीख ठरलेली होती. ती चुकली तर ती जागा गेली आणि तीन वर्षांची धडपड पाण्यात. गावभर पेढे वाटून झाले. मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगत फिरत होते की त्यात काय, हल्ली सगळेच जातात. खरं म्हणजे मी एकटीनं पुण्याच्या पलीकडेही कधी गेले नव्हते.

निघायच्या दिवशी सकाळी माझा धीर सुटला. विमान संध्याकाळचं होतं, अकराला निघायचं होतं. साडेदहापर्यंत मी आठ वेळा पासपोर्ट उघडून बघितला आणि नवव्या वेळी तो हातातून खाली पडला. स्वतःची नाडी मोजली. एवढी नाडी पेशंटची असती तर मी डॉक्टरांना हाक मारली असती. तशीच उठले आणि मागच्या रिकाम्या गोठ्यात जाऊन गव्हाणीच्या कडेवर बसले. आईला म्हणाले, "मी जात नाही. सांगून टाक सगळ्यांना."

मग जे झालं ते बेल्ह्याच्या बाजारासारखंच झालं. आई पुढ्यात बसून रडायला लागली. तात्या, म्हणजे माझे चुलते, मागून ओरडायला लागले, "पेढे वाटले गावाला! आता काय तोंड दाखवायचं?" चुलती ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी, शेजारच्या दोघी हाताला धरून उठवतायत. जितकं ते ओढत होते तितकी मी गव्हाण घट्ट धरत होते.

त्या दिवशी बेल्ह्याचा बाजार होता. चाचा बाजाराला जाताजाता मला निरोप द्यायला थांबले होते. अंगणात गाडी फिरवल्याचा आवाज मी ऐकला. ते गोठ्याच्या दारात आले, एकवार सगळं बघितलं आणि म्हणाले, "समोरनं बाजूला व्हा बरं सगळी. तात्या, तुमी मागनं वरडू नका. च्या घ्या जा."

का कुणास ठाऊक, सगळे गेले. चाचा माझ्या शेजारी गव्हाणीला टेकून उभे राहिले. माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते, तेही भिंतीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "भ्या वाटतंय?"

"हो."

"वाटू दे. कशाचं?"

एवढ्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "दुबईला विमान बदलायचंय. एवढ्या मोठ्या ठिकाणी मी चुकले तर?"

"चुकलीस तर उभी राहा. पळायचं न्हाई. पळालेलं जनावर गावत न्हाई. उभं राहिलेल्याला कुणी ना कुणी धरून आणतंच."

"आणि तिथं गेल्यावर नाही रमले तर?"

"माघारी आणीन."

"विमानातून?"

"ते मी बघतो कसं आणायचं ते. हरणीला आणली का न्हाई?" मग जरा थांबून म्हणाले, "जायाचं का न्हाई ते आत्ता ठरवू नकोस. आदी नुसती गाडीत बस. माळशेज उतरेपर्यंत कुठंबी म्हण, मी गाडी फिरवायला लावतो. कुणी तुला एक शबूद बोलणार न्हाई, माझी जबाबदारी."

मी उठले. परत यायची सोय आहे म्हटल्यावर जायला पाय उचलला, हे आज कितीही विचित्र वाटलं तरी झालं तसंच. चाचांनी पिकअप आमच्याच अंगणात सोडला आणि मुंबईसाठी ठरवलेल्या भाड्याच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले; मागे आई, तात्या आणि मी. आयुष्यात बाजार न चुकवणाऱ्या माणसानं त्या दिवशी बाजार चुकवला. ओतूर गेलं, घाट उतरला, कल्याण आलं. ते एकदाही मागे वळून माझ्याकडे बघत नव्हते, फक्त मधूनमधून विचारत होते, "फिरवायची का?" आणि मी म्हणत होते, "जरा पुढं जाऊ."

विमानतळावर आत जाताना त्यांनी दारातल्या जवानाला विचारलं, "साहेब, पोरीला माघारी यायचं झालं तर ह्याच दारानं येईल ना?" तो म्हणाला, नाही, हे जाणाऱ्यांचं दार, येणाऱ्यांचं खाली आहे. चाचांनी मान हलवली. आईला आणि तात्यांना म्हणाले, "तुमी गाडी घेऊन जावा. माझा मेहुणा हाय कुर्ल्याला, त्याच्याकडं मुक्काम करतो." मला म्हणाले, "जा. दार ध्यानात ठेव, खालचं."

दुबईला मी खरंच चुकले. सगळीकडे सारखेच जिने, सारखीच दुकानं. रडू फुटायच्या बेतात होतं, पण पळाले नाही. एका खांबाला पाठ लावून उभी राहिले. फरशी पुसणाऱ्या एका बाईनं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा जवळ येऊन माझ्या हातातला कागद वाचला आणि मनगटाला धरून मला थेट रांगेत नेऊन उभं केलं. तिची भाषा मला कळली नाही, माझी तिला नाही.

डब्लिनला उतरल्यावर आईला फोन केला आणि लगेच चाचांना. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ होत आली होती. "चाचा, पोचले."

"पोचलीस? नीट? रमशील?"

"रमेन. तुम्ही जुन्नरला पोचलात का?"

"निघतो आता."

त्यांच्या मागून गर्दीचा आवाज येत होता. कुणीतरी टॅक्सी, टॅक्सी ओरडत होतं, मग हिंदीत विमानाची घोषणा झाली. मी विचारलं, "चाचा, कुठे आहात तुम्ही?"

"इथंच. येणाऱ्यांच्या दारात."

"कालपासून?"

"मग? तू माघारी आली असतीस तर दारात कोण व्हतं तुझं?"

कुर्ल्यात त्यांचा मेहुणा वगैरे कुणीच नव्हता, हे चाचींनी मला नंतर सांगितलं. एक रात्र आणि एक अख्खा दिवस ते त्या दारासमोरच्या लोखंडी कठड्यापाशी होते. एवढं प्रेम आपल्या वाट्याला का यावं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

तिथल्या हॉस्पिटलात माझं काम पेशंटला ऑपरेशनला नेण्याचं. घाबरलेल्या म्हाताऱ्यांना बाकीचे समोरून हसून धीर देतात. मी खाटेच्या बाजूला, खांद्यापाशी उभी राहते आणि ते बघतात तिकडे बघते. कशाची भीती वाटतेय, ते विचारते. नव्या मुली मला विचारतात, हे कुठं शिकलीस? बेल्ह्याच्या बाजारात, असं त्यांना कसं सांगणार?

पहिल्या सुट्टीला आले तेव्हा चाचा त्याच कठड्याच्या डाव्या टोकाला उभे होते. दुसऱ्या सुट्टीलाही. "हे दार मला म्हाईत हाय," एवढंच म्हणायचे.

गेल्या वर्षी पुण्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी चाचींचा मला डब्लिनला फोन आला. "बेटा, ते ऐकेनात. त्या चाकाच्या खाटेवर झोपंचनात. घरी चला म्हणतात. पोरगा ओढतोय, डॉक्टर ओरडतायत." मी म्हणाले, सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन त्यांच्या कानाला लावा.

"चाचा, भ्या वाटतंय?"

"वाटतंय गं."

"कशाचं?"

त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाले, "आत आपलं कुणी न्हाई."

मी रोज माणसांना त्या दारातून आत नेते. आत आपलं कुणी नसतं, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी म्हणाले, "भायेर हाय ना. मी येणाऱ्यांच्या दारात उभी हाय. तुमी येईस्तवर हलायची न्हाई."

"आन न्हाई रमलो तर?"

"माघारी आणीन."

ते हसले. तो हसण्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. "बरं," म्हणाले, "चढतो."

चाचा शुद्धीवर आले नाहीत. त्यांचं हृदय आधीच फार थकलं होतं, कुणाचा दोष नव्हता. गाईला दिलेला शब्दसुद्धा त्यांनी पाळला, आणि त्यांना दिलेला शब्द मला पाळता आला नाही. मी नर्स आहे, असला शब्द देता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी दिला. याचं दुःख माझ्या मनातून जात नाही.

रजा मिळेपर्यंत महिना गेला. मुंबईला उतरले, सामान घेतलं आणि खालच्या दारानं बाहेर आले. पाट्या धरलेले ड्रायव्हर, हार घेतलेली माणसं, टॅक्सीवाले, सगळं तसंच होतं. सवयीनं कठड्याच्या डाव्या टोकाकडे बघितलं. तिथं धोतर नेसलेले एक अनोळखी म्हातारे आजोबा कुणाची तरी वाट बघत उभे होते. आळेफाट्याहून मला न्यायला आलेला ड्रायव्हर फोनवर फोन करत होता. मी ट्रॉली बाजूला लावली आणि जाऊन त्या आजोबांच्या शेजारी उभी राहिले. त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. ते बघत होते तिकडे, त्या दाराकडे, मीही बघत राहिले. हलायची नाही, असं चाचांना सांगितलं होतं ना.