जावेचा विमा पास, माझी मात्र तपासणी

गेल्या महिन्यात शेवगावला आमच्या घरी एक प्रकार झाला, आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. दवाखान्यात दाखवण्यासारखं दुखणं नाही ते... धाकट्या जावेचं चांगलं झालं की दुखतं, तसलं.

मी आणि सोनल, आम्ही दोघी जावांनी एकाच सोफ्यावर बसून टर्म इन्शुरन्सचा अर्ज भरला. माझं पार्लर आहे, ती शाळेत शिकवते. आठवडाभरात तिची पॉलिसी आलीसुद्धा. मला मात्र कंपनीनं कळवलं, आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

आता तुम्हीच सांगा, रोज पहाटे चालायला जातं कोण? मी. आणि जेवण झाल्यावर पुन्हा फरसाणचा डबा उघडतं कोण?

एजंट आमच्या गल्लीतलेच, बाळूभाऊ. त्यांच्यावरच घसरले मी. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमी किती चालता ते कंपनी नंतर बघती. आधी बघती, घरात कोन कशानं गेलं. तुमचे वडील अन् भाऊ दोघं बी चाळिशीत अटॅकनं गेले. सोनलवहिनीचे आईवडील ठणठणीत हायेत. मग अंडररायटर, म्हंजे कंपनीत धोका तोलनारा मानूस, दोघींचा धोका सारखा कसा धरंल?"

वडील गेल्यावर आईनं लोकांच्या शेतात खुरपून आम्हाला वाढवलं. माझ्या लेकीवर ती वेळ येऊ नये म्हणून तर मला विमा हवा होता... आणि नेमकं त्याच कारणानं कंपनी अडून बसली होती.

मग लक्षात आलं, मला सोनलच्या पॉलिसीचा हेवा वाटतच नव्हता. अर्ज भरताना बाळूभाऊंनी "वडील आहेत ना?" असं विचारलं, तेव्हा ती मोबाईलमधून मान वर न काढता "हो" म्हणाली होती. त्या "हो"चा हेवा वाटत होता.

परवा नगरला तपासणी झाली. छातीला वायरी लावून फिरत्या पट्ट्यावर पळवतात आणि हृदयाला कितपत झेपतंय ते बघतात. सोबतीला सोनल होती. आणि तिचे वडील, दादा, काष्टीहून एसटीनं मुद्दाम आले होते.

"एवढ्या उन्हात कशाला आलात, दादा?" सोनल त्यांच्यावर चिडली. मी पट्ट्यावर चढले ती जळतच. चिडायला तरी हक्काचं कुणी असावं लागतं ना...

रिपोर्ट चांगला आला. बाळूभाऊंना फोन केला, तर म्हणाले, आता हप्ता थोडा वाढवून का होईना, कंपनी विमा देईल. लेकीची काळजी तेवढी उतरली.

बाहेर आले तर दादा रसवंतीपाशी उभे. "लई दम लागला का, पोरी?" असं म्हणत त्यांनी रसाचा पहिला ग्लास माझ्या हातात दिला. आईही गेल्यापासून मला असं विचारणारं माहेरी कुणी मोठं उरलेलं नाही. डोळे भरून आले, तसा मी ग्लास तोंडाला लावला.

सोनलनं लगेच तोंड वाकडं केलं. "दादा, तुमची लेक मी का ताई?"

"तू गप बस. पळली ती हाय."

येताना सोनल गाडीत शेवगावपर्यंत फुगून बसली होती. खोटं कशाला सांगू... मला फार बरं वाटलं.