काश्यप गोत्राचे पान

वैजनाथ मास्तरांनी तीस वर्षे शहराच्या छावणी भागातल्या शाळेत इतिहास शिकवला. आर्मेनियन, ज्यू, कंबोडियन. कुठे किती लाख माणसे मारली गेली, हे त्यांना मुखोद्गत होते. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर आपल्याच निजामी मुलखात काय घडले, याला पाठ्यपुस्तकाने ओळही दिली नव्हती आणि मास्तरांनी ती मागितलीही नव्हती. दुसऱ्याच्या अंगणातला इतिहास शिकवायला छाती लागत नाही.

दर सर्वपित्री अमावास्येला त्यांची आई यमुनाबाई पितरांच्या पानांशेजारी एक पान जास्तीचे मांडी. कुणाचे, ते सांगत नसे. गोत्र ठाऊक नसेल त्याचे काश्यप, या रिवाजाने मास्तर पाणी सोडीत.

त्या पानाच्या चाळिसाव्या वर्षी, अमावास्येच्या आदल्या दिवशी, ती बोलली.

"ते पान गफूर मनियाराचं. गावात आम्हा बायकांना बांगड्या भरायचा. पोलीस ॲक्शनच्या त्या आठवड्यात त्यानं बायकोपोरांसकट आपलं दार ठोठावलं. तुझ्या वडिलांनी कडी काढली नाही. मीही नाही."

"मारलं कुणी?"

"गावातल्यांनीच. पुढं वर्षानुवर्षं आपल्या पंगतीला जेवले. थोरली झैनब छावणीत मावशीकडं होती, म्हणून वाचली. गफूर, हमीदा, रशीद. धाकटीचं नाव आठवत नाही रे. विचारून ये."

झैनबचे बांगड्यांचे दुकान मास्तरांच्या शाळेच्या वाटेवरच होते. त्या दिवशी ते पहिल्यांदाच त्याची पायरी चढले. पानापासून कडीपर्यंत सगळे त्यांनी सांगितले आणि हात जोडले.

झैनबने हातातली बांगडी पुसून खाली ठेवली.

"माफी मेरे पास नहीं, मास्तर. देनेवाले चले गए. पण चाळीस सालात नाव विचारायला कुणी आलं नव्हतं. मुनीरा. दीड वर्षाची होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजले. यमुनाबाईने भिंतीला धरत जाऊन स्वतः कडी काढली. दारात झैनब होती. आत येऊन तिने ते जास्तीचे पान पाहिले.

"कारलं? अब्बा तो थू थू करायचे!"

"अगं बाई! चाळीस वर्षं मुकाट खाल्लं का बिचाऱ्यानं? वैजनाथ, काढ ते. खीर वाढ."

मास्तरांनी पळीत पाणी घेतले. या वेळी गोत्र उच्चारले नाही. गफूर. हमीदा. रशीद. चौथ्या नावापाशी ते थांबले, आणि ते नाव झैनबने घेतले.