एक मत पातळ पुस्तकाला

भागवत सरांचा फोन आला तेव्हा मशीनवर एका पोरीचा प्रबंध होता, अजून साठेक पानं राहिली होती. "म्हादू गेला," सर म्हणाले. मी "बरं" म्हणालो. बरं! मग ती साठ पानं काढली, भोकं पाडली, स्पायरल घातली, पोरीच्या हातात पिशवी दिली आणि मगच शटर ओढलं. आता दीड महिना होत आला. पेपरच्या पुरवणीत त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिही, असं सर रोज म्हणतात. चांगले शब्द लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावेत. मला दुसरंच लिहायचंय.

महादेव दिंद्रुडकडच्या मेंढपाळ घरातला, त्या घरातला पहिला शिकलेला. सिरसाळ्याला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी. मेंढीचं तोंड उघडून औषध ढकलायचा आणि त्याच हातानं, न धुता, आपल्याला टाळी द्यायचा. अंबाजोगाईत कॉलेजला आम्ही दोघं एका खोलीत राहिलो. पुढं मी तिथंच झेरॉक्स-बायंडिंगचं दुकान टाकायचं म्हणालो, तर जागा शोधायला उन्हातान्हात माझ्याबरोबर हाच हिंडला. माझ्या बायकोसमोर, माझ्या बापासमोर, कुणी माझ्याविषयी वाकडं बोललं की हा अंगावर जायचा. बाळ्याला बोलायचं न्हाई, बास. मला त्याची सवय झाली होती, म्हणजे किंमत राहिली नव्हती.

भागवत सरांनी आम्हाला त्या खेळाची चटक लावली. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जिथं अडेल तिथं फासे टाकायचे. गोष्ट सर सांगायचे. खेळणारे आम्ही चौघं: सरांच्याच शाळेतले गणिताचे सर, सिरसाळ्याचा बी-बियाणाच्या दुकानाचा विष्णू, म्हादू आणि मी. दर रविवारी दुपारी. आधी राजे-राक्षस झाले. मग सर म्हणाले, आता अवकाशात जाऊ. पाचशे ग्रह, त्यांची भांडणं, जहाजं, फितुरी, गाद्या... गणिताचे सर म्हणाले, म्हणजे आपली जिल्हा परिषदच की!

म्हादूला तेव्हा किडन्यांचं दुखणं लागून वर्ष झालं होतं. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिस. विष्णू दुकान भावावर टाकून त्याला स्वतःच्या गाडीत आणायचा, न्यायचा. चेहरा पार काळवंडला होता, पण अवकाशाचं नाव निघालं आणि गडी खुलला. त्यानं आपला माणूस तयार केला तोच मुळी मेंढरांचा कप्तान. जहाजाच्या पोटात तीनशे मेंढरं, आणि चाऱ्यासाठी या ग्रहावरून त्या ग्रहावर.

आता नियम कुठले घ्यायचे यावर घोडं अडलं. दोन पुस्तकं होती, दोन्ही मीच छापून बांधलेली. एक जाड, चारशे पानांचं. जहाजाला भोक पडलं, फासा टाका. हवा संपली, फासा टाका. फासा वाईट पडला की माणूस मेला, रडारड चालणार नाही. दुसरं पातळ, चाळीस पानी. त्यातला एक नियम म्हादूनं मला दुकानात येऊन मोठ्यानं वाचून दाखवला होता: खेळणारा स्वतः म्हणत नाही तोवर त्याचा माणूस मरत नाही. "जवर मी म्हणत न्हाई, तवर न्हाई! आसला कायदा कुठं बघितलास का बे?" दोन्ही सर जाड पुस्तकाचे. त्यात दम आहे म्हणायचे. मत टाकायचं ठरलं, चिठ्ठ्या, स्टीलच्या डब्यात, अगदी गावातल्या निवडणुकीसारखं. मग आमच्या जिल्ह्यातला माणूस गप बसेल होय? म्हादूनं आदल्या आठवड्यातच आकडे जुळवले. मी, विष्णू आणि तो, तीन. मला म्हणाला, "बाळ्या, येवढं एक मत दे. मला ह्या गोष्टीच्या शेवटाला पोचायचंय. दुसरं काय मागत न्हाई." मी त्याच्या हातावर हात मारला.

आणि चिठ्ठीवर जाड लिहिलं.

का लिहिलं? आजारी माणसाचा राग येतो, हे कुणी कबूल करत नाही. मला येत होता. पंख्याखालची खुर्ची त्याची, पहिला चहा त्याचा, विनोद त्यानं केला की सगळ्यांनी हसायचं. आता खेळातही याला मरण नाही, आणि आपण याच्या भोवती फुलं धरून उभं राहायचं! एवढं क्षुद्र कारण होतं. दुसरं असतं तर सांगितलं असतं.

तीन विरुद्ध दोन, जाड पुस्तक जिंकलं. म्हादू डब्याकडं बघत राहिला... मग हसला. "बरं बे. फासा तर फासा." तिसऱ्याच रविवारी त्याच्या जहाजाचं दार उडालं. त्याला वीस तोंडांच्या फाशावर सहाच्या वर हवं होतं, दोन पडले. सर बिचारे पानं उलटत राहिले, पण पुस्तकात पळवाट नव्हती. कप्तान मेला. म्हादूनं विचारलं, "सर, आन मेंढरांचं?" सरांनी पुन्हा पानं उलटली. चारशे पानांत मेंढरांसाठी काही नव्हतं. सगळ्यात मोठ्यानं हसलो तो मी.

त्याच संध्याकाळी, सरांच्या दारात चपला घालताना त्यानं मला विचारलं, "कोण फुटलं आसंल बे?" उगाच, सहज विचारावं तसं. मी म्हणालो, "विष्णूशिवाय कोण?" एवढंच. खरं सांगितलं असतं तर फार तर चार शिव्या घातल्या असत्या त्यानं. पण तोंडातून विष्णूच निघाला.

पुढच्या रविवारी विष्णू आला नाही, आणि पुन्हा कधीच आला नाही. म्हादू मात्र यायचा. नवा माणूस तयार कर म्हटलं तर नको म्हणाला, नुसता बसायचा, आम्ही सांगू तेव्हा आमचे फासे टाकून द्यायचा. डायलिसिसला आता एसटीनं, नाहीतर काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून. मी एकदा म्हणालो, मी नेतो तुला. "तुझा ॲडमिशनचा सीझन हाय, दुकान सांभाळ," म्हणाला. मी लगेच ऐकलं. शेवटच्या महिन्यात त्याच्या दोन पाळ्या चुकल्या. त्यामुळंच गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. पण चुकल्या.

दहाव्याला त्याच्या गावी गेलो. विधी आटोपले, माणसं जेवायला उठली, विष्णू एकटा गाडीला टेकून उभा होता. मी गेलो आणि म्हणालो, "विष्णू, ती चिठ्ठी माझी होती. आणि तुझं नाव मीच घेतलं."

"म्हाईत हाय की," तो म्हणाला. "मी काय लिहिलं ते मला म्हाईत नसंल का? मंग उरलं कोण?"

"मग म्हादूला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं न्हाई आसं वाटतंय तुला?" त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. "बस गाडीत. सोडतो तुला."

बसलो. सिरसाळा आलं, त्याचं दुकान आलं, तरी गाडी थांबली नाही. पुढं परळीच्या रस्त्याला एका ठिकाणी त्यानं वेग कमी केला. ना थांबा, ना झाड, दोन्हीकडं नांगरलेलं रान.

"हितं," विष्णू म्हणाला. "डायलिसिसलाच चाललो हुतो. मी म्हणलं, बाळ्या फुटला, मी न्हाई. तर म्हणला, गाडी थांबव. म्हणलं, कावून? तर म्हणला, बाळ्याबद्दल आसं बोलणाराच्या गाडीत मी बसत न्हाई. उतरला बे... ऊन लई हुतं. मी मागून हळूहळू गाडी चालवीत हाका मारतोय, आन ह्यो चालतोय म्होरं. मागं बघितलं न्हाई त्यानं."

मी म्हणालो, "थांबव. उतरतो मी."

"बस गुमान," विष्णू म्हणाला. आणि त्यानं मला घरापर्यंत आणून सोडलं.